माजघराला दार लावताना

गहिनीनाथचा फोन आला तेव्हा देवश्री सावेडीतल्या आपल्या गच्चीवर चादरी वाळत घालत होती. मोबाईल कान आणि खांदा यांच्यात धरून ती चिमटे लावत राहिली.

“ताई, आज सुप्याला येता का? डबा खोटं बोलाय लागलाय.”

“म्हणजे काय करतोय?”

“रांग तुंबली तरी म्हनतोय रिकामी हाय. पट्टा आपला पळतोय, फोटो गळत्यात, आन् तडा गेलेले नग पुढं निघून जात्यात. कालच कारखान्यात परत आले तसले. जोडनीच्या टायमाला सापडले म्हून निभावलं. ब्रेकचे नग हायेत वो ताई.”

स्वयंपाकघरात काही पडलं की न बघताच कळतं, काय पडलं ते. कारण ते भांडं फळीच्या कडेला आपणच ठेवलेलं असतं. गहिनीनाथचं वाक्य संपायच्या आत देवश्रीला कळलं होतं. हातातला चिमटा सुटून कठड्यावरून खाली गेला, तो तिनं पाहिलासुद्धा नाही.

“कल्याणसाहेब लई तापल्यात,” तो पुढं बोलत होता. “म्हनत्यात, गहिनीनाथ, डबा ठेवतो तुझा, पर ज्या पोरीनं अपडेट केलं ती परत माझ्या कारखान्यात दिसता कामा न्हाई. आन् आमचं सगळं काम त्यांच्यावर. त्यांच्यात न्हाई जाता आलं तर मी मोनिकाला ठिवून काय करू? आज सांगून टाकनार हाय तिला. पर त्याच्या आधी एकदा तुमी बघा. तुमी बघून व्हय म्हनलं म्हंजी माझ्या मनाला डाचायचं न्हाई.”

“येते,” देवश्री म्हणाली. उरलेल्या चादरी बादलीतच राहिल्या.

देवश्री ज्या लायब्ररीचं, म्हणजे इतरांच्या प्रोग्रॅमांनी आयत्या वापरायच्या कोडचं, काम करायची तिचं नाव ‘ओघ’. जगातल्या कुठल्या कुठल्या गावांत बसलेल्या माणसांनी मिळून सांभाळलेली, कुणा एकाच्या मालकीची नसलेली. नेटवर्क कार्डावर माहितीची पॅकेटं येतात, ती मधे ऑपरेटिंग सिस्टीमपाशी न थांबवता थेट प्रोग्रॅमच्या ओंजळीत आणून घालायची, एवढंच तिचं काम. पण पापणी लवायच्या आत लाखानं. इतक्या घाईत कुणी कुणाला ‘या, बसा’ म्हणत नाही. म्हणून ज्यांनी हे घर बांधलं त्यांनी त्याला आतली दारं ठेवलीच नव्हती. कुठल्या कार्डाची कुठली रांग कुठं आहे, किती भरली आहे, कशाचा पत्ता काय, अशी सगळी मांडणी एका मोठ्या स्ट्रक्चरमध्ये उघडी पडलेली. ज्याला हवं त्यानं चपला घालून माजघरात यावं, हात लांब करून फडताळातलं हवं ते घ्यावं.

सोय त्यातच होती आणि जाचही त्यातच. असल्या घरात मिठाची बरणीसुद्धा हलवता येत नाही, कारण अंधारात कुणाचा तरी हात सवयीनं तिथंच जाणार असतो. देवश्रीनं मधे एखादं फील्ड, म्हणजे नोंदीचा एक खण, घातलं की पुढची सगळी एकेक घर सरकत, आणि दूरदेशीच्या कुणाचा हात मिठाऐवजी सोड्यावर पडे. म्हणून तिनं मनावर घेतलं की ही मांडणी झाकायची. बाहेरच्याला कार्डाचा नुसता नंबर द्यायचा. ज्याला जे लागेल ते त्यानं फंक्शनकडं मागावं, फंक्शननं आतून आणून द्यावं. घाईच्या चार वस्तू तेवढ्या ओसरीवर मांडून ठेवायच्या, म्हणजे वेग मार खात नाही. वर्षभर ती त्यावर खपली. काम चांगलं होतं. करायलाच हवं होतं. आजही तिला कुणी विचारलं असतं तर तिनं छातीवर हात ठेवून तेच सांगितलं असतं.

पण ओघाच्या घरात एक रिवाज होता. काही झाकायचं, काढायचं असेल तर एक आवृत्ती आधी सगळ्यांच्या मेलिंग लिस्टवर नोटीस लावायची, की अमुक गोष्ट पुढच्या खेपेपासून बाहेर दिसणार नाही, कुणाचं अडत असेल तर बोला. एकाचं जरी खरोखर अडत असलं तरी काम वर्षभर पुढं जाई, तोवर त्याची काही सोय लावावी लागे. कुणी बोललं नाही, की सगळ्यांचा होकार धरायचा. देवश्रीनं नोटीस लावली. इंग्रजीत, नेटकी, चार ओळींची. कुणी बोललं नाही.

जो बोलला असता असा जगात एकच माणूस तिला ठाऊक होता. तो ती लिस्ट वाचत नाही, हेही तिला ठाऊक होतं.

गहिनीनाथ मिरजगावचा. घरी शेती, आणि हायवेला मामाचं खताचं दुकान. नगरच्या इंजिनिअरिंग कॉलेजात तो देवश्रीच्या मागच्या वर्गात होता, तेव्हापासून तिला ताई म्हणायचा. पुण्यातली नोकरी सोडून त्यानं सुप्याच्या एमआयडीसीत एक शेड भाड्यानं घेतली आणि ‘डबा’ बनवला. ओतकामाच्या कारखान्यात पट्ट्यावरून ट्रॅक्टरच्या ब्रेकचे नग जातात, वरचे कॅमेरे त्यांचे फोटो काढतात, फोटो नेटवर्कवरून डब्यात येतात आणि डबा तडा हुडकतो. फोटो तुंबायला लागले की डबा पट्ट्याला दम खायला सांगतो. तुंबले की नाही हे कळायचं तर कार्डाची रांग किती भरली ते पळापळाला वाचावं लागतं. त्यासाठी ओघात एक फंक्शन होतं, पण ते दर वेळी कार्डापर्यंत जाऊन विचारून यायचं, आणि ते परत येईतो डब्याची वेळ टळायची. गहिनीनाथ त्यावर डोकं धरून बसला असताना देवश्रीनंच त्याच्या शेडमध्ये, एका हातात वडापाव धरून, दुसऱ्या हातानं त्याला वाट दाखवली होती.

“फंक्शनला कशाला विचारतोस? हे बघ, आतल्या स्ट्रक्चरमध्ये हे फील्ड. थेट वाच.”

“असं परस्पर आत जाऊन चालतंय व्हय?”

“मी आहे ना आत. तू काय परका आहेस?”

आणि डबा असा चालला म्हणता, की सहा महिन्यांत कल्याणसाहेबांनी दुसऱ्या पट्ट्यालाही तोच लावून घेतला.

नोटिशीची मुदत चालू होती त्याच दिवसांत गहिनीनाथच्या मुलाचं जावळ निघालं. देवश्री मिरजगावला गेली. मंडपात कारखान्यातल्या लोकांच्या रांगेत खुर्चीवर बसली, तोच गहिनीनाथची आई, मालनबाई, हात पुसत बाहेर आल्या आणि त्यांनी तिचं मनगट धरलं.

“हितं कुटं बसलीस पावन्यावानी? ऊठ.”

आत चुलीपाशी बायका पोळ्या लाटत होत्या. मालनबाईंनी पाट मांडला, तिला बसवलं, आणि ताट वाढता वाढता सहज गुणगुणल्या,

“पाहुनी आली दारी, तिला वसरीला पाट
लेक गं आली घरी, तिचं चुलीपाशी ताट”

“म्हातारे, शहरातली हाय ती,” लाटणारी एक जण म्हणाली. “धुरानं डोळं जात्याल तिचं.”

“जाऊ दे गेलं तर. कंप्युटरनं न्हाईतरी जायचंच हायेत.”

बायका खिदळल्या. देवश्रीही हसली. तेवढ्यात गहिनीनाथ तुपाची तांबली घेऊन वाढायला आला, तिच्या पोळीवर धार धरून म्हणाला, “काय ताई, तुमच्या ओघात नवीन काय चाललंय?”

“काही नाही रे,” ती म्हणाली. “नेहमीचंच.”

तोंडात घास होता. तो गिळून ती पुढं बोलू शकली असती. नोटिशीची मुदत अजून उरली होती. त्यानं मोडक्या इंग्रजीत का होईना दोन ओळी लिहिल्या असत्या, आणि त्या खऱ्या ठरल्या असत्या, आणि तिचं काम वर्षभर लटकलं असतं. वर्षभरात दुसऱ्या कुणी तरी तेच काम आपल्या नावावर करून टाकलं असतं. हे सगळं तिनं एका घासात मोजलं. मग सांगू, असं स्वतःला म्हणाली. मालनबाईंनी आणखी अर्धी पोळी आग्रहानं वाढली, तीही तिनं खाल्ली.

नवी आवृत्ती निघाली. नावाजली गेली. गहिनीनाथचा फोन आला.

“ताई, आतलं स्ट्रक्चरच दिसंना झालंय. कंपायलर म्हनतोय, असली चीज मी वळखत न्हाई.”

तेव्हा तरी खरं सांगायचं होतं. पण खरं सांगायचं म्हणजे जावळाच्या दिवसापासून सांगायचं. त्यापेक्षा सोपं असं एक काही तरी तिच्या जिभेवर आलं.

“तात्पुरतं असं कर. स्ट्रक्चरची जुनी मांडणी तुझ्याच फाईलमध्ये डकव. पत्ता अजून तोच आहे, चालेल.”

“म्हंजी जुन्या घराचा नकाशा खिशात ठिवून नव्या घरात हिंडायचं म्हना की.”

“थोडे दिवस. मी तुला नीट फंक्शन करून देते.”

“तुमी सांगितलं म्हंजी झालं.”

फंक्शन तिनं करून दिलं नाही. आज करू, उद्या करू यात ते मागं पडत गेलं. मात्र त्याच्या पुढच्या आवृत्तीत तिनं आतली फील्डं हलवली, वेग वाढावा म्हणून नव्यानं लावली. हलवता यावीत म्हणून तर झाकली होती. हलवताना गहिनीनाथची आठवण आली नाही असं नाही. आली होती. पाहुणे येताना पसारा जसा कपाटात कोंबावा आणि कपाटाला पाठ लावून उभं राहावं, तसं तिनं त्या आठवणीचं केलं.

आणि मोनिकानं, पारनेरकडच्या त्या मुलीनं, सुरक्षेसाठी नवी आवृत्ती चढवावी लागते म्हणून ती कारखान्यातल्या डब्यावर चढवली होती.

केडगाव मागं पडलं, चास मागं पडलं. कामरगावच्या घाटात एका उसाच्या ट्रॅक्टरमागं गाडी अडकली. देवश्री मनातल्या मनात वाक्यं जुळवत होती. प्रत्येक वाक्य ‘त्याचं काय झालं’ असं सुरू होई आणि वळणापर्यंत जाऊन विरे. झाकण्यात चूक नाही, नोटीस लावलीच होती, नियमानं सगळं केलं होतं. हे सगळं खरं होतं. खऱ्याच वाक्यांची तिनं अशी भिंत रचली की त्यामागं आपण दिसू नये. पण आपल्याला आपण दिसत होतो, त्याला काय करायचं?

शेडमध्ये सगळे मोनिकाशी फार गोड बोलत होते. त्यावरूनच तिला कळलं असावं. तिनं टेबल आवरून ठेवलं होतं, चार्जरची वायर गुंडाळून पिशवीत घातली होती. देवश्रीला बघून ती उभी राहिली.

“मॅडम, मी सगळं क्रमानं केलं होतं,” ती म्हणाली. “आधी इथल्या डब्यावर चालवून बघितलं. इथं फोटो कमी, म्हणून रांग भरलीच नाही, त्यामुळं कळलं नसेल. पण कंपायलरनं एकही वॉर्निंग दिली नाही. मी कालपासून शोधतेय. जायचं असेल तर जाईन, पण काय चुकलं ते कळू दे मला. नाहीतर पुढं कुठंही गेले तरी कशाला हात लावायचा धीर होणार नाही.”

“बघते,” देवश्री म्हणाली. तिनं त्या मुलीच्या हातांकडं बघणं टाळलं.

बघण्यासारखं काही नव्हतं. तिनं फाईल उघडली. तिची जुनी मांडणी जशीच्या तशी डकवलेली, तिच्याच वळणाची नावं, तिनंच केव्हा तरी लिहिलेल्या टीपा. रांगेच्या भरण्याचा आकडा जिथं असायचा तिथं नव्या मांडणीत दुसरंच एक फील्ड होतं, जे वर्षानुवर्षं शून्य असतं. डबा बिचारा इमानानं तेच वाचत होता. कोड तपासून बांधणाऱ्या कंपायलरनं का तक्रार करावी? त्याला दिलेला नकाशा बिनचूक होता. घर बदललंय हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं.

एक आकडा बदलला की डबा पूर्ववत चालणार होता. वर ‘आवृत्त्यांचा मेळ बसला नाही’ असं म्हटलं की झालं. ते खोटंही ठरलं नसतं. आवृत्ती मोनिकानं चढवली होती, म्हणजे मेळही मोनिकाचाच चुकला असता. देवश्रीचं बोट त्या आकड्यापाशी जाऊन थांबलं. किती सहज होतं ते. आणि सहज होतं म्हणूनच तिनं बोट मागं घेतलं.

“सापडलं का?” गहिनीनाथनं मागून विचारलं.

“सापडलं.”

“मोनिकाचंच ना? व्हय म्हना म्हंजी सुटलो मी एकदाचा.”

“नाही,” देवश्री म्हणाली. “माझं.”

तिनं सांगितलं. आत काय हलवलं, नकाशा जुना कसा झाला, आकडा शून्य का येतो. मोनिका जवळ येऊन पडद्यावर वाकून बघत होती आणि मधे मधे मान हलवत होती. गहिनीनाथनं सगळं ऐकून घेतलं, आणि मग तो चक्क हसला.

“ताई, तुमचं काळीज मोठं हाय हे मला ठाऊक हाय. पर पोरीला वाचवाय म्हून दुसऱ्याचं खापर आपल्या डोस्क्यावर घिऊ नका. घर तुमचं, तुमी भांडी हालवनारच. आमाला पत्ता कळाया नको का? लिस्टीवर लिवलं असंल तुमी रीतसर. आमीच वाचत न्हाई.”

देवश्रीला वाटलं, आपण पाण्यात पाय टाकला आणि पाणी बाजूला सरलं. कबुलीसुद्धा तिच्या चांगुलपणाच्या खात्यावर चालली होती. इथंच थांबलं तरी मोनिका वाचणार होती, आणि ताई ताईच राहणार होती. मोनिका तिच्याकडं अशा नजरेनं बघत होती, की त्या नजरेखाली बसवेना.

“गहिनीनाथ, ऐक,” ती म्हणाली. “जावळाच्या दिवशी तू मला विचारलं होतंस, ओघात नवीन काय.”

“आसंल. आठवत न्हाई.”

“मला आठवतं. तू तूप वाढत होतास. मी म्हणाले, नेहमीचंच. तेव्हा नोटीस लागलेली होती. तू बोलला असतास तर काम थांबलं असतं. तू लिस्ट वाचत नाहीस हे मला माहीत होतं, म्हणून मी तुला सांगितलं नाही. विसरले नव्हते मी. आणि नंतर तू फोन केलास तेव्हा नकाशा डकव म्हणाले, ते यासाठी, की बाकीचं सांगावं लागू नये.”

शेडबाहेर कुणी तरी टेम्पो मागं घेत होतं, त्याचा पीं पीं आवाज येत राहिला. गहिनीनाथ खाली बघत होता. टेबलाच्या कडेचा सुटलेला सनमायका तो अंगठ्यानं दाबत होता. सनमायका परत वर येत होता, हा परत दाबत होता.

“चुलीपाशी बसून?” तो शेवटी म्हणाला.

“हो.”

“मी आडवा यीन म्हून?”

“हो.”

“आलोच असतो.”

“माहीत आहे.”

“वरीसभर थांबलं असतं तर काय बुडालं असतं वो?”

“काही नाही,” देवश्री म्हणाली. ते बोलताना तिला पहिल्यांदाच कळलं, की खरंच काही बुडालं नसतं.

त्यानं मोनिकाकडं पाहिलं. “फोटो आला न्हाई तर नग अडवायचा, असं मी ठिवाय पायजे हुतं. आपन फोटो न्हाई तर जाऊ दे म्हनलं. ती चूक माझी. ती मी साहेबास्नी सांगन.” मग देवश्रीकडं वळून, पण तिच्या खांद्यावरून पलीकडं बघत, “यात ह्या पोरीचं काय हाय?”

“काहीही नाही.”

“मग मला सांगून काय उपेग? मी कोन? तिचं नाव जिथं खराब झालंय तिथं सांगा.”

त्यानं फोन लावला आणि स्पीकर चालू करून टेबलावर ठेवला. कल्याणसाहेब कारखान्यात तपासणी खात्याचे मुख्य होते. आवाज करडा, मागं यंत्रांचा खणखणाट.

“बोला गहिनीनाथ. काय ठरवलं त्या मुलीचं?”

“साहेब, मी देवश्री बोलतेय,” ती म्हणाली. “डब्याच्या आतली लायब्ररी मी सांभाळते.”

“बरं. मग?”

तिनं दुसऱ्यांदा सांगितलं. या वेळी स्ट्रक्चर, फील्ड असले शब्द उपयोगाचे नव्हते. ती म्हणाली, डबा ज्या जागेवर बघून पट्टा हळू करायचा ती जागा मी बदलली. बदलणार आहे हे मला आधीपासून माहीत होतं. यांना सांगायला हवं होतं ते मुद्दाम सांगितलं नाही. मुलीनं तिचं काम बरोबर केलं.



“मॅडम, आमच्याकडं साच्याला कुणी न सांगता हात लावला, तर दुसऱ्या दिवशी त्याला गेटवर थांबवतात,” कल्याणसाहेब म्हणाले. “तुम्हाला मी कुठल्या गेटवर थांबवू? तुम्ही तर कुणाकडं कामालाच नाही.”

“बरोबर आहे तुमचं.”

“बरोबर म्हणून काय होतंय? माझ्या लोकांनी काल दिवसभर परत आलेला एकेक नग हातात घेऊन बघितलाय. एखादा नजरेतून सुटला असता तर? माणूस बसतो ट्रॅक्टरवर.”

 

“मुलगी कुठाय?” साहेबांनी विचारलं.

“आहे सर,” मोनिका म्हणाली.

“उद्या सकाळी ये. डबा तोवर बंद. तू ये, तू नीट कर, मी शेजारी उभा राहून बघणार आहे. आणि फोटो नाही तर नग नाही. हे आधी घाल.”

“हो सर. ते मी आत्ताच घालते.”

फोन बंद झाला. मोनिकानं पिशवीतून चार्जरची वायर काढली, सोडवली आणि भिंतीतल्या प्लगमध्ये घातली. मग ती तोंड फिरवून उभी राहिली, आणि काही वेळ कुणीच तिच्याकडं बघितलं नाही.

गहिनीनाथनं तिघांचा चहा सांगितला. रीत म्हणून देवश्रीच्या पुढं कप ठेवला.

“मॅडम,” तो म्हणाला. आजवर त्यानं तिला असं कधी म्हटलं नव्हतं. “आनखी किती जनांच्या खिशात नकाशे घातल्यात तुमी?”

“तुझ्याच.”

“पर तुमी न घालता कुनी आपल्या हातानं घातले असतील तर? माझ्यागत एखादा कुटं तरी असंल, जो तुमची लिस्ट वाचत न्हाई. त्याचा डबा काय बघत आसंल, देव जानं.”

देवश्रीनं कप बाजूला ठेवला. ओघात तिच्या कामाचा दुसरा भाग यायचा होता. आतल्या मांडणीचं नाव-पत्तासुद्धा बाहेर उरणार नाही असा, आणि त्याची नोटीस तिनं गेल्याच आठवड्यात लावली होती. मुदत चालू होती. अजून कुणी बोललं नव्हतं.

“मोनिका, इकडं बस,” ती म्हणाली. “लिस्टवर लिही. तुझ्या नावानं. हे झाकलं तर तुमचं काय अडतं ते लिही.”

“मी? माझं इंग्रजी बरं नाही मॅडम. तुम्ही लिहा, मी नाव घालते.”

“मी लिहिलं तर ते परत माझंच होईल.”

मोनिका लिहू लागली. एकेक शब्द तोंडातल्या तोंडात म्हणून बघत, खोडत, परत लिहीत. आम्ही कारखान्यातले नग तपासतो. रांग किती भरली हे आम्हाला लगेच कळावं लागतं. फंक्शन आहे, पण हळू आहे. जलद फंक्शन मिळेपर्यंत कृपा करून थांबा. दोन जागी क्रियापद चुकलं होतं. देवश्रीनं हात मांडीवर ठेवले आणि ते तसंच जाऊ दिलं.

मग तिनं आपला लॅपटॉप उघडला आणि त्याखाली उत्तर लिहिलं. हरकत खरी आहे. पहिल्या भागाच्या वेळीही हे अडणार होतं, मला ठाऊक होतं, मी विचारलं नाही. त्यातून एका कारखान्यात तडा गेलेले नग पुढं गेले. दुसरा भाग मी वर्षभर मागं घेते, आणि जलद फंक्शन आधी देते. एवढ्या ओळी लिहायला तिला मोनिकाइतकाच वेळ लागला. पाठवल्यावर छातीतलं ओझं उतरेल असं वाटलं होतं, पण ते होतं तिथंच होतं. फक्त आता ते सगळ्यांना दिसत होतं.

थोड्या वेळानं मोनिकाच्या पडद्यावर पहिलं उत्तर आलं. लिहिणारा कुठल्या तरी थंड देशातला होता. त्यानं देवश्रीबद्दल काहीच म्हटलं नव्हतं. नमस्कार मोनिका, असं लिहून त्यानं विचारलं होतं, की तुमचा डबा हा आकडा किती वेळा वाचतो, आणि एका वाचण्याला किती वेळ परवडतो.

“मॅडम, काय सांगू याला?” मोनिका म्हणाली.

देवश्रीनं तोंड उघडलं, पण गहिनीनाथ आधीच टेबलापाशी आला होता.

“ते मला ठाऊक हाय,” तो म्हणाला. “सरका.”

देवश्री उठली आणि तिनं आपली खुर्ची त्याच्याकडं ढकलली. तो बसला, कीबोर्ड जवळ ओढला, आणि एका बोटानं, अडखळत, तिला काही न विचारता, उत्तर लिहू लागला.